हंपी : एका राजधानीच्या देवळांची पडझड आणि जपणूक

हंपी हे कर्नाटकातल्या विजयनगर जिल्ह्यातले, तुंगभद्रेच्या दक्षिण काठावरचे लहानसे गाव. १३३६ ते १५६५ अशी सव्वादोनशेहून अधिक वर्षे विजयनगर साम्राज्याची राजधानी या जागी होती. आज गावाभोवतीच्या सुमारे ४२ चौरस किलोमीटरच्या टापूत देवळे, मंडप, तट, वेशी, पुष्करणी, कालवे आणि राजवाड्यांची जोती असे सोळाशेहून अधिक अवशेष पसरलेले आहेत. केळीच्या बागा आणि उसाचे मळे यांच्या मधूनमधून ते वर डोकावतात. चहूकडे ग्रॅनाइटच्या धोंड्यांच्या टेकड्या आहेत, कोणी एकावर एक रचून ठेवल्यासारख्या.

महाराष्ट्रातून निघणाऱ्या सहलींच्या बस बहुधा बदामी, ऐहोळे, पट्टदकल करून रात्री होसपेटला उतरतात आणि दुसरा दिवस हंपीला देतात. सकाळी विरूपाक्षाचे दर्शन आणि हेमकूट टेकडी, मग कृष्ण मंदिर व नृसिंह, दुपारी राजवाड्याचा परिसर, उन्हे उतरताना विठ्ठल मंदिर असा दिवसाचा क्रम ठरून गेलेला आहे. विठ्ठल मंदिर, राणीवशाचा परिसर आणि कमलापूरचे संग्रहालय यांना एकच तिकीट चालते व ते त्याच दिवसापुरते असते, त्यामुळे सगळे एका दिवसात उरकण्याकडे कल असतो.

या वाटेवर गाईड सगळ्या पडझडीचे कारण एका सालात सांगतो : १५६५, राजधानी पडली ते साल. ते साल महत्त्वाचे आहेच. पण इथली काही देवळे त्या सालाच्या शेकडो वर्षे आधीची आहेत, काही त्या वर्षी जळाली, काही पुढच्या अडीच-तीनशे वर्षांच्या पावसात ढासळली, आणि विरूपाक्षाचे देऊळ पूजेत राहून टिकले. एकेक अवशेष आज जसा दिसतो तसा का दिसतो, याचे उत्तर त्याच्या बांधणीत आणि वापरात आहे.

राजधानीच्या आधीचे तीर्थ

हंपी हे नाव पंपा या शब्दावरून आले. पंपा हे तुंगभद्रेचे जुने नाव आणि स्थानिक देवतेचेही. जुन्या कन्नडमधल्या पकाराचा पुढे हकार झाला आणि पंपेची हंपे झाली. पंपेने हेमकूटावर तप करून शिवाला वरले अशी कथा आहे, आणि विरूपाक्ष म्हणजे तोच पंपापती. दोघांच्या वाङ्‌निश्चयाचा आणि लग्नाचा असे दोन उत्सव देवळात दरवर्षी होतात. गावची देवी एका मोठ्या देवाशी लग्नाने जोडली जाण्याचा हा प्रकार दक्षिणेत अनेक ठिकाणी आढळतो.

रामायणातली किष्किंधाही इथेच दाखवली जाते. नदीपलीकडे आनेगुंदी गाव आणि हनुमानाचा जन्म सांगितला जातो तो अंजनाद्री, अलीकडे मातंग पर्वत आणि माल्यवंत. वाली-सुग्रीवाची भूमी म्हणून यात्रेकरू इथे राजधानी होण्याच्या आधीपासून येत होते.

त्या काळाचा पुरावा हेमकूट टेकडीच्या उतारावर आहे. विरूपाक्षाच्या दक्षिणेला उघड्या कातळावर लहानलहान देवळांचा पुंजका असून त्यांतली काही नवव्या ते चौदाव्या शतकांमधली मानली जातात. भिंती साध्या, कोरीवकाम जवळजवळ नाही, आणि माथ्यावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले दगडी शिखर. तीन दिशांना तीन गाभारे आणि मध्ये एकच मंडप अशी त्रिकूट रचना काही देवळांना आहे. त्यांतल्या एका देवळात कंपिली राज्याच्या वीर कंपिलदेवाचा शिलालेख आहे. आईवडिलांच्या स्मरणार्थ त्याने तिथे शिवलिंगे स्थापली. कंपिलीचे राज्य १३२७च्या सुमारास महंमद तुघलकाच्या फौजांपुढे पडले, तेव्हा हे देऊळ विजयनगरच्या स्थापनेआधीचे ठरते.

पायऱ्यांच्या शिखरामुळे या देवळांना सर्रास ‘जैन मंदिरे’ म्हटले जाते, प्रत्यक्षात ती शैव आहेत. महाराष्ट्रात काळ्या दगडाचे कोणतेही जुने देऊळ दिसले की त्याला हेमाडपंती म्हणण्याची जी सवय आहे, तिचाच हा कानडी अवतार. ही देवळे आडबाजूला नाहीत, तरी ती बऱ्यापैकी शाबूत उरली. ती लहान आहेत आणि पायापासून शिखरापर्यंत दगडाची आहेत, एवढे कारण त्याला पुरेसे आहे.

विरूपाक्ष

हरिहर आणि बुक्क या संगम घराण्यातल्या भावांनी १३३६ मध्ये राज्य स्थापले ते विरूपाक्षाच्या नावाने. शृंगेरी मठाच्या विद्यारण्यस्वामींचा आशीर्वाद या स्थापनेमागे होता असे परंपरा सांगते. राजांचे संस्कृत ताम्रपट संपतात तिथे कानडी लिपीत ‘श्री विरूपाक्ष’ अशी मुद्रा असते. राजाने आपले नाव न घालता कुलदैवताच्या नावाने सही करावी, असा हा प्रघात होता.

मूळचे लहान देऊळ राजांनी वाढवत नेले. कृष्णदेवरायाने राज्याभिषेकाच्या निमित्ताने रंगमंडप आणि आतले गोपूर बांधले. तसा शिलालेख मंडपापुढे उभा असून तो १५१०चा आहे. मंडपाच्या खांबांवर मागच्या पायांवर उभे राहिलेले याळी आहेत. सिंहाचे धड आणि हत्तीची सोंड असलेल्या या काल्पनिक प्राण्याच्या पाठीवर स्वार बसलेला असतो. छतावर रंगीत चित्रे आहेत : गिरिजाकल्याण, अर्जुनाचा मत्स्यवेध, विद्यारण्यांची पालखी. बाहेरचे पूर्वेकडचे नऊ मजली गोपूर सुमारे ५० मीटर उंच आहे. त्याची डागडुजी एकोणिसाव्या शतकात झाली.

गाभाऱ्यामागच्या एका अंधाऱ्या खोलीत गाईड सगळ्यांना दाटीवाटीने उभे करतो. भिंतीतल्या लहानशा झरोक्यातून येणारा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो आणि त्यात पूर्वेचे गोपूर उलटे दिसते, कळस खाली, पाया वर. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि बारीक छिद्रातून जाताना वरचे किरण खाली व खालचे वर पडतात, एवढेच त्यामागचे शास्त्र आहे. शाळेत खोक्याला टाचणीने भोक पाडून करतात त्या कॅमेऱ्याचेच हे दगडी रूप.

देवळापुढे पूर्वेकडे सुमारे पाऊण किलोमीटरचा सरळ बाजार आहे. दोन्ही बाजूंना दुमजली दगडी ओवऱ्या आणि टोकाला एका धोंड्यातून घडवलेला नंदी. प्रत्येक मोठ्या देवळापुढे असा बाजार ही विजयनगरची खासियत. रथ ओढायला लांबरुंद रस्ता लागे, आणि रथोत्सवाला जमणारी गर्दी हेच व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक. १५२०च्या सुमारास इथे आलेल्या दोमिंगो पाएस या पोर्तुगीज प्रवाशाने माणके, हिरे, पाचू, मोती आणि कापड यांनी भरलेल्या बाजारांचे वर्णन करून ठेवले आहे. पाएस आणि त्यानंतर आलेला घोड्यांचा व्यापारी फेर्नाव नुनिश हे दोघेही गोव्याच्या वाटेने आले. १५१०नंतर गोवा पोर्तुगिजांच्या हाती होते आणि अरबी घोडे त्या बंदरातून विजयनगरला जात. घोडदळावर चालणाऱ्या राज्याला या व्यापाराची गरज होती.

दगड, वीट आणि लाकूड

हंपीची पडझड समजायची तर बांधणीची रीत आधी पाहावी लागते. देवळाचे जोते, भिंती, खांब, तुळया आणि छत स्थानिक ग्रॅनाइटचे. धोंडा फोडायच्या रेषेवर ओळीने खाचा पाडत आणि त्यांत पाचरी ठोकून दगड उभा चिरत. अशा अर्ध्या खाचांच्या रांगा वाटेवरच्या कित्येक धोंड्यांवर दिसतात. काही धोंडे चिरायचे राहूनच गेले आहेत.

शिखर आणि गोपुराचे वरचे मजले मात्र विटांचे. विटांवर चुन्याचा गिलावा आणि त्याच चुन्यात घडवलेल्या मूर्ती. दगडी पाया बरेच ओझे पेलू शके, पण वरचे ओझे हलके राखणे सोयीचे होते आणि चुन्यात नक्षी भराभर काढता येत असे. या सोयीची किंमत पुढे द्यावी लागली. दरवर्षी दुरुस्ती झाली नाही तर गिलावा फुटतो, विटांच्या सांध्यात पिंपळ रुजतो, मुळे भिंत फोडतात आणि वरचा भाग कोसळतो. म्हणूनच हंपीत दगडी अंग जागच्या जागी आणि वरची शिखरे गायब अशी डोकी उडालेली गोपुरे जागोजागी दिसतात.

राजवाड्यांची गत याहून वाईट. त्यांचे जोते तेवढे दगडी, बाकी खांब, मजले, छपरे लाकडाची. आग लागली की जोते सोडून काही उरत नसे. देवाचे घर दगडाचे आणि राजाचे लाकडाचे, म्हणून आज देवळांचे नगर दिसते आणि राजाच्या घराची फक्त मोजमापे घेता येतात.

कृष्ण आणि नृसिंह

हेमकूटाच्या दक्षिणेचे कृष्ण मंदिर हे विजयाचे स्मारक आहे. कृष्णदेवरायाने ओडिशाच्या गजपतीकडून उदयगिरीचा किल्ला घेतला, तिथली बाळकृष्णाची मूर्ती राजधानीत आणली आणि तिच्यासाठी हे देऊळ बांधले. आवारातल्या शिलेवर १५१५ची नोंद आहे. पूर्वेच्या गोपुरावर चुन्यात काढलेली घोडेस्वार आणि ढालाईतांची लढाई अजून ओळखू येते. गाभारा रिकामा आहे. ती मूर्ती आता चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आहे. जिंकलेल्या मुलखातला देव आपल्या राजधानीत आणून बसवणे ही त्या काळची रीत होती, आणि हीच गोष्ट पुढे विठ्ठलाच्या संदर्भात महाराष्ट्राच्या वाट्याला येते.

जवळच एका धोंड्यात कोरलेला ६.७ मीटर उंचीचा नृसिंह शेषाच्या वेटोळ्यावर बसला आहे. शिलालेखाप्रमाणे तो १५२८चा. याला उग्र नृसिंह म्हणतात, पण मुळात तो लक्ष्मीनृसिंह होता. मांडीवरची लक्ष्मी फोडली गेली. नृसिंहाच्या पाठीमागे जाऊन पाहिले तर त्याच्या कमरेशी तिचा एक हात अजून तसाच आहे, बोटांतल्या अंगठ्यांसह. गुडघ्यांवरून गेलेला दगडी योगपट्ट विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत नव्याने बसवला गेला. शेजारच्या खोलीत बडवीलिंग आहे. तीन मीटर उंचीच्या या शिवलिंगाचा तळ कायम पाण्यात असतो, कारण कालव्याचा एक फाटा गाभाऱ्यातून नेलेला आहे. बडवी म्हणजे गरीब बाई, आणि तिनेच हे लिंग स्थापले अशी दंतकथा आहे.

राजवाड्याचा परिसर

दुपारच्या उन्हात सहल राजवाड्याच्या भागात पोहोचते. मधोमध हजारराम मंदिर. पंधराव्या शतकाच्या आरंभी, पहिल्या देवरायाच्या काळात बांधलेले हे राजघराण्याचे देऊळ. प्राकाराच्या बाहेरच्या अंगावर खालून वर पाच थर आहेत : हत्ती, घोडे, सैनिक, नर्तकी, आणि सर्वांत वर कृष्णलीला. राजधानीत महानवमीला निघणारी मिरवणूकच जणू दगडात उतरवली आहे. आतल्या भिंतींवर रामायण क्रमाने कोरलेले असून देवळाला प्रदक्षिणा घालत ते वाचायचे. राम हजार ठिकाणी कोरला म्हणून हजारराम अशी लोकांची समजूत आहे. राजवाड्याच्या दिवाणखान्याला तेलुगूत जो शब्द आहे त्यावरून हे नाव आले असे काही अभ्यासक मानतात. मंडपातले चार खांब काळ्या गुळगुळीत दगडाचे आहेत.

थोड्या अंतरावर महानवमी दिब्बा. सुमारे आठ मीटर उंचीचा, टप्प्याटप्प्याने वाढवलेला हा चौथरा म्हणजे नवरात्राचा दरबार भरण्याची जागा. अंगावर शिकार, कुस्त्या, रंगपंचमी, घोडे आणणारे परदेशी व्यापारी यांच्या पट्ट्या आहेत. नऊ दिवसांच्या उत्सवाचे वर्णन पाएसने प्रत्यक्ष पाहून लिहिले. त्याने सांगितलेला वरचा लाकडी मंडप नाहीसा झाला, चौथरा राहिला.

दिब्ब्याशेजारची पायऱ्यांची पुष्करणी १९८०च्या दशकातल्या उत्खननात सापडली. पाच टप्प्यांत उतरणारी ही चौकोनी विहीर काळ्या दगडाची आहे. वाकून पाहिले तर दगडांवर कानडी अक्षरे आणि खुणा कोरलेल्या दिसतात. कोणता दगड कोणत्या दिशेच्या, कोणत्या ओळीत, कितवा बसवायचा याच्या त्या सूचना. दगड दुसरीकडे घडवून, नंबर टाकून आणले आणि इथे जुळवले, हे त्यावरून कळते. पुष्करणी मातीखाली गाडली गेली म्हणून ती इतकी शाबूत राहिली.

तिथे येणारी दगडी पन्हळ खांबांवरून लांबवर गेलेली दिसते. तलाव, बंधारे आणि कालवे यांवर हे नगर जगत होते. विजयनगरकालीन तुर्तू कालव्याचे पाणी आजही शेतांना मिळते. राजवाडे गेले, देवळे ओस पडली, पण पाटाच्या पाण्याचा वापर चालू राहिला, कारण गावाला त्याची रोज गरज होती.

कमळमहाल आणि अकरा दालनांचा हत्तीखाना या इमारतींत कमानी, घुमट आणि चुन्याचे नाजूक काम आहे, खाली मात्र देवळाच्या धाटणीचे जोते. शत्रू म्हणवणाऱ्या दख्खनच्या सुलतानांकडची बांधणी विजयनगरने दरबारी इमारतींसाठी मोकळेपणाने उचलली. राजाच्या सैन्यात मुसलमान सरदार होते. त्यांतल्या अहमदखानाने १४३९ मध्ये राजाला पुण्य लाभावे म्हणून धर्मशाळा बांधल्याचा कानडी शिलालेख आहे, आणि ती इमारत म्हणजे मशीद.

विठ्ठल मंदिर

विठ्ठल मंदिर गावापासून नदीकाठाने ईशान्येला आहे. बस दूर थांबतात आणि पुढचे सुमारे एक किलोमीटर बॅटरीवरच्या गाडीने किंवा पायी जावे लागते. वाट जुन्या विठ्ठल बाजारातून जाते. शिलालेखांप्रमाणे कृष्णदेवरायाच्या राण्यांनी १५१३ मध्ये गोपुरे बांधली, त्यानंतर तीनच वर्षांनी शंभर खांबांचा मंडप झाला आणि १५५४ मध्ये झुल्याचा मंडप. म्हणजे राजधानी पडण्याच्या अकरा वर्षे आधीपर्यंत इथे बांधकाम चालू होते.

पटांगणातला दगडी रथ हा खरे तर गरुडाचे देऊळ आहे. विठ्ठलासमोर त्याच्या वाहनासाठी बांधलेला. तो एका दगडाचा वाटतो, पण अनेक दगड जुळवून केलेला आहे आणि सांधे नक्षीच्या रेषांत लपवले आहेत. पुढे जोडलेले दोन हत्ती मूळचे नाहीत. त्यांच्या मागे रथाच्या तळाशी घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या कोरलेल्या दिसतात. घोडे मोडल्यावर दुसरीकडचे हत्ती आणून बसवले. अलेक्झांडर ग्रीनलॉ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८५६ मध्ये काढलेल्या छायाचित्रात रथावर विटांचे शिखर आहे. ते नंतर काढले गेले. २०१७ पासूनच्या पन्नास रुपयांच्या नोटेवर दिसणारा रथ हा असा शिखर नसलेला, घोडे गेलेला रथ आहे.

महामंडपात ५६ खांब आहेत. एकाच दगडातून मधला जाड खांब आणि त्याच्याभोवती सुटे बारीक खांब काढले आहेत. बारीक खांबांवर बोट आपटले की वेगवेगळे सूर उमटतात. पूर्वी गाईड ते वाजवून दाखवत, दगड झिजू लागल्यावर मनाई झाली. जोत्यावर घोडे आणि त्यांना धरलेले टोपीवाले परदेशी मोतद्दार ओळीने कोरले आहेत. मंडपाची पश्चिम बाजू ढासळलेली आहे आणि आगीच्या खुणा दगडावर राहिल्या आहेत. ग्रॅनाइट तापला की त्याचे पापुद्रे सुटतात आणि तुळई तडकते.

गाभाऱ्यात मूर्ती नाही, आणि मराठी माणूस इथे थबकतो. कृष्णदेवरायाने पंढरपूरचा विठ्ठल विजयनगरला नेला आणि पैठणच्या संत भानुदासांनी तो परत आणला, ही कथा वारकरी परंपरेत रुजलेली आहे. भानुदास हे एकनाथांचे पणजोबा, आणि त्यांची समाधी पंढरपूरच्या देवळातच आहे. आक्रमणाच्या भीतीने मूर्ती हलवणे आणि नंतर परत आणणे पंढरपूरला नवे नव्हते, त्यामुळे कथेला आधार असू शकतो. मात्र हंपीचा गाभारा त्यामुळे रिकामा झाला असे म्हणता येत नाही. भानुदासांचा काळ परंपरेने सोळाव्या शतकाच्या आरंभापर्यंतचा धरला जातो, आणि इथली दाने व बांधकामे त्यानंतर चाळीस वर्षे चालूच होती. उत्सव होत होते, झुल्याचा मंडप बांधला जात होता, म्हणजे गाभाऱ्यात देव होता. विठ्ठल ‘कानडा’ असण्याचा धागा रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात तपशिलाने उलगडला आहे. नदीकाठचा पुरंदरदास मंडपही त्याच धाग्याचा. पुरंदरदासांच्या प्रत्येक कानडी पदाच्या शेवटी ‘पुरंदर विठ्ठल’ ही मुद्रा असते. पूर आला की हा मंडप पाण्याखाली जातो.

राक्षसतागडी आणि नंतर

२३ जानेवारी १५६५ रोजी कृष्णा नदीच्या परिसरात, हंपीपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर, ती लढाई झाली. इंग्रजी पुस्तकांत ती तालिकोटची, मराठी इतिहासात राक्षसतागडीची. सदाशिवराय नावापुरता राजा होता आणि सत्ता वृद्ध रामरायाच्या हाती होती. त्याने सुलतानांना एकमेकांविरुद्ध खेळवत ठेवले होते. शेवटी विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर एक झाले. अहमदनगरची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली गेली आणि ज्या सोलापूरच्या किल्ल्यासाठी दोन्ही घराणी भांडत होती तो तिच्या हुंड्यात गेला, तेव्हा ही जूट पक्की झाली. रणांगणावर रामराया पकडला गेला आणि अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने त्याचे डोके उडवले. त्याचा भाऊ तिरुमल खजिना आणि राजा घेऊन पेनुकोंड्याला निघून गेला, आणि राजधानी राखायला कोणी उरले नाही.

लुटालूट पाच महिने चालली असे इतिहासकार रॉबर्ट सेवेलने लिहिले आहे. राजवाड्याच्या भागातल्या उत्खननात राख आणि कोळसा सापडतो. विठ्ठल, कृष्ण ही राजाश्रयाची मोठी वैष्णव देवळे अधिक फुटली आणि विरूपाक्ष मात्र वाचला. सत्ताधारी घराण्याशी जोडलेल्या वास्तू निवडून फोडल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष काही अभ्यासक त्यावरून काढतात. सिझरे फेडेरिची हा व्हेनिसचा व्यापारी १५६७ मध्ये इथे आला, तेव्हा घरे उभी होती, पण रिकामी, आणि त्यांत वाघांचा वावर होता. म्हणजे नगर मोडले ते बव्हंशी माणसे गेल्यामुळे. तिरुमलाने परत येऊन वस्ती करण्याचा प्रयत्न केला, पण तो टिकला नाही.

त्यानंतर सावकाश पडझड सुरू झाली. गुप्तधनाच्या आशेने गाभाऱ्यांतली पीठे उपटली गेली, फरशा खणल्या गेल्या. अशा खड्ड्यांच्या खुणा ओस देवळांत सर्वत्र आहेत. शाकारणी बंद झाली आणि विटांची शिखरे पावसाने उतरवली. विरूपाक्षाची पूजा थांबली नव्हती. देवळाला पुजारी होते, यात्रा होती, उत्पन्न होते, म्हणून तिथे गिलावा पडला की कोणीतरी तो भरत असे.

नोंद आणि जतन

१७९९च्या सुमारास ब्रिटिश सर्वेक्षक कॉलिन मॅकेंझीने या जागेचा नकाशा केला. ग्रीनलॉच्या १८५६च्या छायाचित्रांमुळे त्या वेळी काय उभे होते ते आज तपासता येते. पाएस आणि नुनिश यांचे वृत्तांत इंग्रजीत आणून सेवेलने १९०० मध्ये ‘अ फरगॉटन एम्पायर’ हे पुस्तक लिहिले. १९१७ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या ए. एच. लाँगहर्स्टचे ‘हंपी रुइन्स’ आले, आणि सहलीला येणाऱ्याच्या हाती प्रथमच एक मार्गदर्शिका पडली. १९८० पासून जॉन फ्रिट्झ आणि जॉर्ज मिशेल यांनी दरवर्षी इथे राहून एकेका अवशेषाची मोजणी केली. सहल ज्या क्रमाने फिरते, ती धार्मिक भाग आणि राजवाड्याचा भाग ही वाटणी याच अभ्यासांतून रूढ झाली. कमलापूरच्या संग्रहालयाच्या चौकात साऱ्या परिसराची प्रतिकृती आहे. चालून थकलेल्या पायांना दिवसभराची वाट तिच्यात एका नजरेत दिसते.

१९८६ मध्ये हंपीचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. नदीवर बांधायला घेतलेल्या पुलांमुळे १९९९ मध्ये हंपी धोक्यातल्या स्थळांच्या यादीत गेली आणि २००६ मध्ये त्यातून बाहेर आली. आनेगुंदीकडचा अपुरा पूल २००९ मध्ये बांधकाम चालू असतानाच कोसळला. २०११ मध्ये विरूपाक्ष बाजारातल्या ओवऱ्यांत पिढ्यानुपिढ्या दुकाने आणि घरे करून राहिलेल्या कुटुंबांना हलवून बाजार मोकळा करण्यात आला. त्यांचे पुनर्वसन कड्डीरामपुराजवळ झाले. ओवऱ्या भिंतींनी बंद होण्याचे थांबले, पण रथोत्सवाखेरीज त्या रस्त्यावरची वर्दळही गेली.

२०१९ मध्ये काही तरुणांनी एका ओस देवळाचा खांब ढकलून पाडला आणि त्याची चित्रफीत फिरली. न्यायालयाने त्यांना दंड तर केलाच, शिवाय खांब परत उभारायला लावला. मे २०२४ मधल्या जोरदार पावसात विरूपाक्ष बाजारातल्या ओवऱ्यांचा एक भाग खांबांसह खाली आला. त्याच बाजाराच्या पश्चिम टोकाला देवळात रोजची पूजा चालू आहे आणि चैत्रात पंपा-विरूपाक्षाचा रथ अजून त्याच रस्त्याने निघतो.